काळ्या गाडीचे किलोमीटर

चादरीखालून सुनीलचा आवाज आला, "उमरेड आलं!"

त्या वेळी आम्ही उमरेडच्या स्टँडसमोर चहा पिऊन, पान लावून, गाव मागे टाकून चांगले पाच-साडेपाच किलोमीटर पुढे आलो होतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर उभी होती. घर तर सोडाच, माणूसही दिसत नव्हता.

पुढच्या सीटवरून शेठजींनी मान वळवून विचारलं, "कुठे आलं?"

"उमरेड. मशीन सांगतेय."

"अरे, आपण तिथे चहा घेतला ना?"

"हो मामाजी, पण मशीनच्या हिशेबाने आत्ता आलं."

माझ्या शेजारी देशकर साहेब बसले होते. त्यांनी खिशातून डायरी काढली, काहीतरी लिहिलं आणि परत खिशात ठेवली. गेल्या तासाभरातली ही त्यांची चौथी नोंद होती. शेठजींना घाम फुटला होता. मला मात्र मनातून बरं वाटत होतं. त्याचं कारण आधी सांगायला हवं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी वाडीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत रूट सर्व्हेअर होतो. कंपनी जड माल न्यायची. कोराडीला, चंद्रपूरकडे, जिथे जिथे बॉयलर, टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर लागतात तिथे. साठ टनांचा ट्रान्सफॉर्मर ट्रेलरवर चढवला की तो दुमजली घराएवढा उंच होतो. त्याला तार आडवी येते, झाडाची फांदी आडवी येते, पूल पेलत नाही, वळण पुरत नाही. म्हणून आधी एक माणूस रिकामा रस्ता बघून येतो. तो माणूस मी.

माझं हत्यार म्हणजे बांबू. मालाची उंची अधिक एक फूट, एवढ्या मापाचा बांबू कापायचा. तारेखाली थांबायचं, बांबू उभा धरायचा. तारेच्या जवळ गेला की रजिस्टरमध्ये नोंद: वाडीच्या यार्डापासून अमुक किलोमीटर, तार खाली आहे. मग वीज खात्याला अर्ज. प्रत्यक्ष माल निघाला की आमची गाडी पुढे, ट्रेलर मागे. या पुढच्या गाडीला पायलट गाडी म्हणतात. मी रजिस्टर मांडीवर घेऊन बसायचो, मीटर बघायचो आणि तार यायच्या आधी लाल फडकं दाखवायचो. ट्रेलरवाले माझ्या फडक्यावर डोळे लावून असत. त्यांचे स्वतःचे मीटर बंदच असत.

सर्व्हे आणि पायलट, दोन्ही कामांना एकच गाडी होती. कंपनीची जुनी काळी मोटार. ती चालवायचा नामदेव धकाते. मूळचा उमरेडचा, विणकरांच्या घरातला. बापाचा माग विकला गेला तेव्हा हा स्टिअरिंगवर बसला. नऊ वर्षं आम्ही दोघं त्या गाडीतून फिरलो. छत्तीस रजिस्टरं भरली.

रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड आम्ही धरत नसू. आमचे आकडे आणि दगडांचे आकडे कधीच जुळत नसत. त्यामुळे सरकारने दगड चुकीच्या जागी लावले आहेत असं आमच्या कंपनीत सर्वांचं ठाम मत होतं. नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच दिवशी त्याला हे सांगितलं जाई.

अशात शेठजींचा भाचा सुनील अमेरिकेहून आला. तिकडे तो कॉम्प्युटर शिकत होता. येताना त्याने मांडीवर ठेवायचा एक कॉम्प्युटर आणला. शिलाई मशीनच्या झाकणाएवढा असेल. उघडला की आत करड्या रंगाचा पडदा. सुनीलने त्यासाठी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. पडद्यावर रस्त्याची रेघ दिसायची आणि त्या रेघेवर एक ठिपका सरकायचा. ठिपका म्हणजे आपण. फाटा आला की मशीन टूं करायचं.

मी विचारलं, "आपण कुठे आहोत हे त्याला कसं कळतं?"

सुनील म्हणाला, "अमेरिकेत त्यावर काम चालू आहे. आकाशात उपग्रह असतील, ते वरून सांगतील."

नामदेवने विचारलं, "अन् तवर?"

"तोवर तुम्ही मीटर वाचून सांगायचं. मी टाईप करणार."

नामदेवने माझ्याकडे बघितलं. "म्हंजे उपग्रह मीच आहो न गा, भाऊ."

अकरा दिवस मी सुनीलला माझी रजिस्टरं वाचून दाखवली. तो टाईप करत गेला. पोरगा कष्टाळू होता. माझ्या डब्यातली झुणका-भाकर खायचा, आणि "रामटेकेकाका, तुमच्यासारखा डेटा मी अमेरिकेतही पाहिला नाही," असं म्हणायचा. डेटा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं, पण ऐकायला छान वाटायचं.

बाराव्या दिवशी शेठजींनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"रामटेके, ही मशीन चालली तर सर्व्हे बंद. काळी गाडी विकून टाकू. तुम्ही गोदामात बसा. सावलीचं काम आहे."

"आणि पायलट?"

"नवी व्हॅन घेतली ना. मशीन राहील व्हॅनमध्ये, नामदेव आकडे वाचेल. तुमची मेहनत सगळी आत गेलेली आहे."

पोत्यांवर चिठ्ठ्या लावायच्या आणि संध्याकाळी शटर ओढायचं, असं ते सावलीचं काम. मला रात्रभर झोप लागली नाही, हे कबूल करायला हरकत नाही. माझंच काम मी अकरा दिवस वाचून वाचून एका डब्यात भरलं होतं.

मशीनची परीक्षा भिवापूरच्या अलीकडे एका नव्या कारखान्यापर्यंत होती. तिथे साठ टनांचा ट्रान्सफॉर्मर न्यायचा होता. कारखान्याचे मुख्य इंजिनिअर म्हणजे हे देशकर साहेब. आठच दिवसांपूर्वी शहरातल्या ऑफिसात रुजू झालेले, या रस्त्याने कधी न आलेले. मशीन बघायला त्यांना मुद्दाम गाडीत घेतलं होतं. शेठजी स्वतः कधी साइटवर जात नसत, पण त्या दिवशी सफारी सूट घालून पुढे बसले. देशकर साहेबांना दाखवायला म्हणून माझी सगळी रजिस्टरं नवी खाकी कव्हरं चढवून मागे ठेवली होती.

निघताना शेठजींनी आम्हा दोघांना बाजूला घेऊन ताकीद दिली. "आज मशीन बोलेल. नामदेव फक्त मीटर वाचेल. रामटेके फक्त बसतील. मध्ये कुणी तोंड उघडायचं नाही."

नामदेवने सवयीने बांबू व्हॅनच्या टपावर बांधला होता, टोकाला लाल फडकं लावून. तो उतरवायला कुणाला वेळ झाला नाही.

उन्हात मशीनचा पडदा काही केल्या दिसेना. म्हणून सुनीलने नामदेवची सोलापुरी चादर डोक्यावरून घेतली आणि मशीनसकट आत गेला. अशी आमची वरात निघाली. पुढून नामदेव ओरडायचा, "तेरा!" चादरीतून टकटक. "चौदा!" परत टकटक. मग टूं. आणि आवाज, "पूल येतोय, सावकाश!" तोवर पूल मागे पडलेला असायचा.

सुरुवातीला ही चूक एखाद्या किलोमीटरची होती. शहर ओलांडलं तशी ती वाढत गेली. सुनील म्हणाला, मशीन जरा गरम झालं आहे. शेठजींनी खिडक्या उघडायला लावल्या. देशकर साहेबांचे कागद उडाले. उमरेडला आम्ही मशीन थंड व्हावं म्हणून चहा घेतला. त्यानंतर काय झालं ते वर सांगितलंच.

मीही सवयीने पेन्सिलने आकडे टिपत होतो. सत्तर किलोमीटरला डावीकडे मोठा वड आला, वडाखाली फाटा, फाट्यावर कारखान्याचा बोर्ड. याच फाट्याचा सर्व्हे मी पावसाळ्याआधी केला होता. मी वडाकडे बघितलं. आरशातून नामदेवने माझ्याकडे बघितलं. चादर गप्प होती. व्हॅन सरळ पुढे गेली.

मी बोललो नाही. शेठजींची ताकीद होती, हे एक. पण खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. एकदा हे मशीन सपशेल आपटलं की माझं गोदाम टळणार होतं. मी खिडकीबाहेर बघत बसलो आणि सत्तरच्या पुढे फक्त 'वड' एवढं लिहिलं.

"सत्त्याहत्तर!" नामदेव ओरडला.

टूं.

"डावीकडे!" चादर आनंदाने म्हणाली.

डावीकडे बैलगाडीची पांदण होती. नामदेवने व्हॅन थांबवून शेठजींकडे पाहिलं. शेठजी म्हणाले, "मशीन बोलली ना? घे."

पांदणीतून दोन किलोमीटर आम्ही हेलकावे खात गेलो. टपावरचा बांबू दोन्हीकडच्या बोरी झोडपत होता. शेवटी एका खळ्यात व्हॅन थांबली. समोर, मागे, उजवीकडे, डावीकडे लाल मिरच्या वाळत घातलेल्या. भिवापूरची मिरची, ऊन चढलेलं. चादरीतून जाहीर झालं, "आपण पोचलो!" आणि पाठोपाठ एक शिंक आली. मग सगळेच शिंकायला लागले. शेठजी शिंकता शिंकता खाली उतरले आणि कारखान्याचं गेट शोधू लागले.

झोपडीतून एक म्हातारी बाहेर आली. तिच्यामागे दोन सुना, चार पोरं, एक मुलगा. त्यांनी व्हॅन बघितली. चादर पांघरून पेटीत डोकं घालून बसलेला माणूस बघितला. म्हातारीने लगेच पदर सारखा केला.

"चाला वं, उभ्या राहा साऱ्या! फोटूवाला आला."

शाळेच्या कार्डासाठी म्हणा की आणखी कशासाठी, सरकार फोटो काढायला येणार असं कुणीतरी गावात सांगून गेलं होतं म्हणे. आम्ही काही बोलायच्या आत सगळं घर मिरच्यांच्या मागे एका ओळीत उभं राहिलं. धाकट्या सुनेने पोराचं नाक पुसलं.

देशकर साहेब घड्याळ बघत म्हणाले, "शेठजी, माझा कारखाना साठ एकरांचा आहे. इथे तो कुठे दिसत नाही."

शेठजींचा पारा चढला. त्यांनी चादर ओढून काढली. "सुनील! हे काय डबडं आणलं? अमेरिकेत हेच शिकवतात? फेकून दे ते!"

सुनील डोळे चोळत होता. मिरचीमुळे की कशामुळे, पण त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "मामाजी, प्रोग्रॅम बरोबर आहे. मी पन्नास वेळा तपासलाय."

"मग कारखाना चुकला का?"

मी खाली उतरून म्हातारीला विचारलं, "मावशी, कारखान्याचा फाटा कुठे आहे?"

"तो मागंच राहिला न बाप्पा, वडापाशी. दोन-अडीच कोस असंन. तुमी काहून इकडं आले?" ती ओळीतून न हलता म्हणाली.

मी पेन्सिलच्या आकड्यांकडे बघितलं. उमरेड, पंचावन्न. वड, सत्तर. मग रजिस्टर उघडलं. उमरेड, साडेसाठ. वड, सत्त्याहत्तर. सत्तरचे सत्त्याहत्तर. दहाचे अकरा.

आणि मला काळ्या गाडीचा गिअरबॉक्स आठवला.

नऊ वर्षांपूर्वी, मी लागलो त्याच महिन्यात, काळ्या गाडीचा गिअरबॉक्स तुटला होता. वाडीच्या मिस्त्रीने भंगारातून दुसऱ्याच कुठल्या गाडीचा आणून बसवला. तेव्हा तो म्हणाला होता, मीटर थोडा जास्त पळेल. मी आणि नामदेवने तपासून पाहिलं होतं. खरे दहा गेले की मीटर अकरा दाखवायचा. सर्व्हेही तीच गाडी करणार, पायलटही तीच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. वर्षभरात आम्ही ते विसरलो. मग दगडांशी आकडे जुळेनात, तेव्हा आम्ही दगडांनाच खोटं ठरवलं.

आज पहिल्यांदा माझी रजिस्टरं दुसऱ्या गाडीत बसली होती. नव्या व्हॅनचा मीटर खरं बोलत होता, आणि तीच सगळी अडचण होती.

गप्प राहणं सोपं होतं. मशीन भंगार ठरलं होतं. माझी खुर्ची वाचली होती. शेठजी स्वतःच म्हणाले, "रामटेके, बरं झालं तुम्हाला गोदामात टाकलं नाही. पुढच्या महिन्यात ट्रान्सफॉर्मर निघेल, याच व्हॅनमध्ये तुमचं रजिस्टर घेऊन पुढे बसा."

ते ऐकून मी रजिस्टरमधली तारेची नोंद काढली. उमरेडच्या पुढे अकरा हजार व्होल्टची एक तार रस्त्यावर लोंबत होती. रजिस्टरमध्ये ती सहासष्टला होती. म्हणजे खरी साठला. काळी गाडी तर विकली जाणार. व्हॅनच्या मीटरवर मी सहासष्टची वाट बघत निवांत बसलो असतो आणि मागे ट्रेलरवरची चार माणसं ट्रान्सफॉर्मरसकट साठलाच तारेत गेली असती. पाच किलोमीटर चुकलं तर चहा दोनदा होतो, पण तार दोनदा होत नाही.

"शेठजी," मी म्हणालो, "मशीन बरोबर आहे. माझे किलोमीटर खोटे आहेत."

"किती?"

"सगळे. नऊ वर्षांचे."

ओळीतल्या एका पोराने "आता हसू का?" म्हणून आईला विचारलं.

मी पहिलं रजिस्टर काढलं. नवं खाकी कव्हर फाडलं, नऊ वर्षं न निघालेलं खालचं जुनंही फाडलं. आतल्या पुठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: 'नवीन गिअरबॉक्स. मीटर दहाचे अकरा दाखवतो. लक्षात ठेवणे.' खाली माझी सही आणि नामदेवची सही. मी ते शेठजींसमोर धरलं. लाज इतकी वाटत होती की मिरच्यांवर आडवं पडावं.

शेठजींनी ते दोनदा वाचलं. "लक्षात ठेवणे," ते म्हणाले. "कोणाच्या?"

मग ते नामदेवकडे वळले. "आणि तू? उमरेडचा माणूस तू. तुला फाटा दिसला नाही?"

"दिसला न शेठजी. वड काय आज लावला काय? पण तुमीच म्हणून राहिले होते, तोंड उघडायचं नाई, फक्त आकडे वाचायचे. मी आकडे बराबर वाचले."

सुनील तेवढ्यात मशीनपुढे बसला होता. एक ओळ बदलायची आहे, म्हणाला, प्रत्येक आकड्याला अकराने भागून दहाने गुणायचं. त्याला दोन मिनिटं लागली. तो डोळे पुसत हसायला लागला. "काका, चूकसुद्धा इतकी एकसारखी! एक आकडा इकडचा तिकडे नाही!"

निघायच्या आधी म्हातारीने वाट अडवली. "फोटू निंगाला का?"

सुनीलने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "निघाला मावशी. आणून देतो."

परतीच्या वाटेवर चादर पुन्हा चढली. नामदेव उलटे आकडे ओरडत होता. पांदण संपून सात किलोमीटर झाले, टूं झालं, आवाज आला, "उजवीकडे, वड!" आणि उजवीकडे वड होता. नेमका. शेठजींनी टाळी वाजवली. मीही वाजवली, कारण ते चुकलेले सात किलोमीटर माझेच होते.

कारखान्याच्या गेटवर देशकर साहेबांनी डायरी मिटली. शेठजी माफी मागायला लागले, तर साहेब म्हणाले, "नऊ वर्षं खोटं मोजून एकही अपघात नाही. आणि ज्या दिवशी होऊ शकला असता, त्या दिवशी हा माणूस स्वतः बोलला. ट्रान्सफॉर्मर तुम्हीच आणा. पण पायलट गाडीत रामटेके हवेत. डबा नसला तरी चालेल."

पंधरा दिवसांनी सुनील मशीन घेऊन अमेरिकेला परत गेला. ती दुरुस्तीची एक ओळही त्याच्याबरोबर गेली. आमच्याकडे उरली छत्तीस रजिस्टरं, खोट्या किलोमीटरची, आणि एक नवी व्हॅन, खऱ्या किलोमीटरची. मी म्हणालो, मी सगळी रजिस्टरं नव्याने लिहितो. शेठजींनी हिशेब केला. त्या सगळ्या नोंदी, वीज खात्याकडे गेलेले अर्ज, ट्रेलरवाल्यांनी टपात खोचलेल्या चिठ्ठ्या, सगळं काळ्या गाडीच्या किलोमीटरमध्ये होतं.

"छत्तीस रजिस्टरं सुधारायची की एक मीटर बिघडवायचा?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी नवी व्हॅन मीटरवाल्याकडे गेली. त्या माणसाने आयुष्यभर चुकीचे मीटर दुरुस्त केले होते. चांगला मीटर दहाचे अकरा करून द्या म्हटल्यावर त्याने आम्हाला पोलिसात देण्याची भाषा केली. मी पुठ्ठा दाखवला तेव्हा कुठे त्याने आतलं एक दातेरी चाक बदललं. अशा रीतीने आमचा खरा मीटर बिघडला आणि सगळं पुन्हा बरोबर झालं.

ट्रान्सफॉर्मर व्यवस्थित गेला. सहासष्टला मी फडकं दाखवलं, ट्रेलर थांबला, वीजवाल्यांनी तार उचलून धरली आणि साठ टन तिच्याखालून सरकले. परतताना मी मेहुण्याचा कॅमेरा घेऊन खळ्यावर गेलो. मिरच्या उचलल्या होत्या, पण म्हातारीने सगळ्यांना त्याच जागी, त्याच क्रमाने उभं केलं. फोटो पुढच्या सर्व्हेच्या वेळी नेऊन दिला.

आता मी रिटायर आहे. नातीच्या फोनवर ते सुनीलचे उपग्रह बोलतात. परवा उमरेडला लग्नाला निघालो तर फोन म्हणाला, पंचावन्न किलोमीटर. मी नातीला म्हटलं, साडेसाठ. ती हसली. तिला हसू दे. चूक सगळ्यांनी मिळून रोज केली की तिला पद्धत म्हणतात, आणि पद्धतीने माणूस ठिकाणावर पोचतो. फक्त गाडी बदलताना आधी पुठ्ठा वाचावा.